टॅबमध्ये नसलेल्या पायऱ्या

वर्ध्याहून परत आल्यावर स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकच विचारलं, "सेवाग्राम पाहिलं का?" नाही पाहिलं. रजा मोजकी होती आणि मी गेले होते वेगळ्याच कामाला.

आमच्या इचलकरंजीच्या शाळेला एका देणगीदाराने टॅब दिले. उद्घाटन झालं, फोटो निघाले आणि खोकी ऑफिसातल्या कपाटात गेली. फुटले तर जबाबदार कोण, हे ठरलं नाही, म्हणून बाहेर काढले नाहीत. मी गणित शिकवते. कपाटाची किल्ली माझ्याकडे आली, कारण इतर कोणी घ्यायला तयार नव्हतं. पुढे पुण्याच्या एका प्रशिक्षणात अश्विनी भेटली. वर्ध्याची मुलगी, विद्यापीठात पीएच.डी. करते. शिक्षक समोर नसताना खेड्यातली तरुण मुलं-मुली टॅबवर काय शिकतात, कसं शिकतात, हा तिचा विषय. मी सरळ विचारलं, "शिकतात का खरंच?" ती म्हणाली, "येऊन बघा ना मॅडम. आमच्या घरीच राहा." असं आमंत्रण देताना समोरचा येणार नाही असंच माणूस धरून चालतो. मी जानेवारीत गेले.

पिपरी मेघे

अश्विनीचं घर पिपरी मेघेला. वर्धा शहर संपतं कुठे आणि पिपरी सुरू होतं कुठे, ते मला चार दिवसांत कळलं नाही. नवी घरं, अर्धवट घरं, मध्येच एखादा तुरीचा तुकडा. घरात ती आणि तिची आई. आई सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नर्स. दारात त्यांनी "जयभीम" केला, माझ्या हातातली बॅग काढून घेतली आणि तिचं चाक तुटलेलं पाहून म्हणाल्या, "हे काऊन असं ओढत आणलं? फोन करायचा, पोरीले पाठवलं असतं स्टेशनवर." मी त्यांना काकू म्हणू लागले, वयाने त्या माझ्याहून फार मोठ्या नसतील, पण त्यांच्या आवाजात वॉर्ड सांभाळण्याची सवय होती.

आमच्याकडे पाहुण्याला "घ्या, लाजू नका" असं चारदा म्हणायची पद्धत आहे. काकू काहीच म्हणत नव्हत्या, वाढत होत्या. ओल्या तुरीच्या दाण्यांची वांग्यातली भाजी, ज्वारीची भाकर, वरून चिरलेला सांबार. कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात. कोल्हापूरकडची असल्याचा अभिमान मी पहिल्या दोन घासांपर्यंत टिकवला. आमचं तिखट जिभेला लागतं आणि तिथेच संपतं. इथलं घशातून खाली उतरून नंतर आपली ओळख सांगतं. माझ्या डोळ्यांत पाणी पाहून काकू म्हणाल्या, "कोल्हापूरचे लोक लय तिखट खातात म्हणे?" आणि अश्विनीने मान खाली घालून हसू गिळलं.

जेवणानंतर तिने लॅपटॉप उघडला. तिच्या अभ्यासात काही गावं आहेत. प्रत्येक गावाला थोडे टॅब, आणि प्रत्येक मुलीला किंवा मुलाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड. धड्यांमध्ये टक्केवारी, तक्ते, फोटोवर काम, ऑनलाइन अर्ज, फोनवरची फसवणूक ओळखणं. कोण केव्हा बसलं, काय सोडवलं, सगळं टॅब आपोआप नोंदवतो. मुलं जास्त आणि टॅब कमी, म्हणून एक कडक नियम: लागोपाठ काही दिवस दांडी पडली की जागा गेली, यादीतल्या पुढच्या माणसाला ती मिळते.

केळझरच्या अलीकडे आतल्या रस्त्याला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. त्या गावाचा तक्ता तिने मला अभिमानाने दाखवला. बाकीच्या गावांचे तक्ते फाटक्या जाळीसारखे होते. या गावाचा तक्ता भरगच्च हिरवा, एकही चौकोन रिकामा नाही.

"शनिवारी माझे गाईड सर येणार आहेत, याच गावात," ती म्हणाली. "पुढच्या वर्षाची परवानगी आणि टॅब गावात राहतात की परत जातात, दोन्ही त्यावर ठरेल. माझं अख्खं एक प्रकरण या तक्त्यावर उभं आहे."

मी आजवर पुष्कळ हजेरीपट हाताळलेत. एकही खाडा नसलेला हजेरीपट मी पाहिलेला नाही. म्हणाले, "आजारी नाही का पडत कोणी तिथे?"

"मुली जिद्दी आहेत मॅडम," अश्विनी म्हणाली, आणि लॅपटॉप मिटला.

अभ्यासिका

दुसऱ्या दिवशी तिच्या स्कूटीवरून गावात गेलो. थंडी अशी की बोटं हँडलला चिकटतील. मी मागे बसून तिच्या पाठीआड लपले होते. दुतर्फा कपाशी आणि तूर. रस्त्यात तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतून देतात. आमच्या मिसळीचा भाऊ म्हणता येईल, सावत्र नव्हे, चांगला सख्खा.

गावात विहाराला लागून एक खोली आहे, तिला सगळे अभ्यासिका म्हणतात. भरती आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं एका बाजूला जाड पुस्तकं घेऊन बसतात, दुसऱ्या बाजूला भिंतीशी टॅब. चपला बाहेर ओळीत, आत बोलणं दबक्या आवाजात. कोणी सांगायला उभं नाही, आणि तरी शिस्त. पर्यवेक्षणात वर्षं काढलेल्या बाईला ही गोष्ट लगेच दिसते आणि थोडी टोचतेही.

तिथे सोनल आणि रोशनी भेटल्या. सोनल बारावी झालेली, उंच, तोंडाचा पट्टा सुटलेला. रोशनीची शाळा दहावीनंतर थांबली होती. ती कमी बोलते आणि बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघते. दोघी शेजारणी. टॅब त्यांच्यापुढे असा होता, जसा आमच्याकडे शिलाई मशीन असतं: कापड टाकून झाकलेला, पुसलेला, कामाचा. त्यांनी मला एक तक्ता करून दाखवला, गावातल्या बोअरचं पाणी कोणत्या महिन्यात किती खाली जातं त्याचा. धड्यात शाळेच्या गुणांचा तक्ता होता. यांनी पाण्याचा केला. आमच्या नववीतल्या मुलांनी गुणांचाच केला असता, आणि तोही शेजाऱ्याचा बघून.

"मॅडम, तुमच्याकडं सगळ्या पोट्ट्यायले एकेक टॅब हाय म्हणते," सोनल म्हणाली.

"आहेत. कपाटात."

"कपाट शिकून राह्यलं मंग!"

खोलीतली भरतीवाली मुलंसुद्धा हसली. मीही हसले, दुसरं काय करणार.

परतताना केळझरला गणपतीला गेलो. देऊळ टेकडीवर. पायऱ्या चढताना माझा श्वास फुलला आणि अश्विनी सभ्यपणे फोन बघत थांबत राहिली. पायथ्याशी रोशनीच्या मामाचं नारळ-फुलांचं दुकान आहे, सुट्टीच्या दिवशी ती तिथे बसते, असं कळलं. वरून सगळा मुलूख सपाट दिसतो, शेतांच्या चौकड्या, मध्ये तळ्याचं पाणी. आमच्याकडे टेकडीवर चढलं की पुढे आणखी मोठा डोंगर उभा असतोच. इथे एवढीशी टेकडी चढली तरी सगळं आपल्या खाली. मला ते आवडलं. कमी कष्टात जास्त.

शेतात

तिसऱ्या दिवशीचा हट्ट माझा होता. मी यंत्रमागांच्या गावात जन्मले, तिथेच वाढले. खटखट ऐकल्याशिवाय मला झोप येत नाही. पण झाडावरचा कापूस मी कधी जवळून पाहिला नव्हता. म्हटलं, वेचणी दाखव.

अश्विनीने त्याच गावाबाहेर, रस्त्यालगतच्या एका शेताशी स्कूटी लावली. कोणाचं शेत हे तिलाही माहीत नव्हतं. दुपार होती, ऊन चांगलं पडलेलं. दहा-बारा बायका ओळीने पुढे सरकत होत्या, कमरेला फडक्याची ओटी बांधलेली, दोन्ही हात सुटे. मी बांधावरून एक बोंड तोडायला गेले आणि त्याची वाळलेली टोकं नखाखाली घुसली. वेचणाऱ्या बायका कापूस ओढतात, बोंड झाडावरच ठेवतात. मी बोंडच ओढत होते.

मी बोट चोखत असताना अश्विनीने मला खूश करायला फोन काढला. फोनवर तिला कोणत्या गावात आत्ता कोण टॅबवर बसलंय ते दिसतं. नावापुढे हिरवा ठिपका येतो.

"हे बघा मॅडम, अशा भर दुपारीसुद्धा. सोनल बसली आहे. फोटोचा धडा करते आहे."

"नमस्ते मॅडम!" कपाशीतून आवाज आला.

ओटी पोटाशी फुगलेली, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, कानात कापसाचा एक धागा अडकलेला, सोनल आमच्यासमोर उभी होती.

अश्विनीने फोनकडे पाहिलं, मग सोनलकडे, मग परत फोनकडे. ठिपका हिरवाच होता.

"तू इथं कशी?" ती म्हणाली.

"आमचंच वावर हाय ना, ताई."

"मग हे कोण आहे?" अश्विनीने फोन तिच्यापुढे धरला.

सोनलने वाकून पाहिलं. "थे? थे रोशनी हाय. माही पात ओढून राह्यली." लपवाछपवीचा मागमूस नव्हता. मग अश्विनीचा चेहरा पाहून तिचा आवाज खाली आला. "काऊन ताई? काई झालं काय?"

अश्विनी बांधावर बसली. खाली गोखरू होतं, ते तिला कळलंही नाही.

पात म्हणजे काय, ते सोनलच्या आईने मला सांगितलं. त्या ओटी रिकामी करायला आल्या होत्या. शेतात बायका ओळीने उभ्या राहतात, प्रत्येकीच्या वाट्याला आलेल्या झाडांच्या रांगा म्हणजे तिची पात. मजुरी नाही; आज या बायका सोनलकडे, उद्या सगळ्या मिळून दुसरीच्या शेतात. त्यांनी ओळीतल्या एका मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. तिथली बाई झाडाखाली बाळाला पाजत होती, आणि दोन्ही बाजूंच्या शेजारणी तिची झाडं वेचून कापूस तिच्याच गाठोड्यात टाकत होत्या.

"लेकरू रडलं, थे उठून गेली. तं तिची पात तशीच मांगं सोडाची काय?" त्या म्हणाल्या. "आजूबाजूच्या ओढतात. मंग सगळ्या संगंच बांधाले लागतात. एक मांगं राह्यली तं सगळ्यायलेच थांबा लागते."

टॅबचंही तसंच. कापूस फुटल्यापासून मुली आळीपाळीने शेतात, आणि गेलेलीचं नाव यादीतून जाऊ नये म्हणून शेजारीण तिच्या नावाने बसते. रोशनीसाठी सोनल, सोनलसाठी रोशनी. सगळ्या गावाची हीच रीत. म्हणून तक्ता हिरवा.

"आणि तुला काय कळतं मग?" मी सोनलला विचारलं. "धडा ती करते, ज्ञान तिला. तुझ्या पदरात काय?"

"असं कसं मॅडम? सांजच्याले सांगा लागते ना तिले. माह्या नावानं काय काय केलं, सगळं समजावून देते. नाई समजलं तं तिले जाऊच देत नाई मी."

बायकांनी जेवायला बोलावलं. अश्विनी नको म्हणत होती. मी म्हटलं, आधी खाऊन घे, वाईट बातमी उपाशीपोटी आणखी वाईट लागते. उकडलेल्या तुरीच्या शेंगा, भाकर, ठेचा. शेंगा सोलता सोलता सोनलची आई म्हणाली, "ताईचं तोंड काऊन उतरलं वं सोनल? काय केलं तुम्ही?" सोनल नुसती शेंग सोलत राहिली. मला वाटतं त्या चार दिवसांतली तिची ती एकमेव शांतता.

पिपरी मेघे, पुन्हा

घरी आल्यावर अश्विनी चहा ठेवताना म्हणाली, "प्रत्येक मुलगी वेगळी मोजायची, हाच तर पाया होता. आता कोणी काय सोडवलं, काहीच सांगता येत नाही. सरांना कळलं तर ते हे गाव अभ्यासातून काढतील. टॅब जातील."

"आणि नाही कळलं तर?"

ती चहा ढवळत म्हणाली, "तुम्ही आज शेतात गेलाच नसतात तर मला तरी कुठे कळलं असतं?"

तो प्रश्न नव्हता, विनंती होती. मी शिक्षिका आहे, अशा विनंत्या ओळखते. म्हटलं, "मी परवा निघून जाईन. कोणाला काही सांगायला माझं काही अडलेलं नाही. पण हे कधीतरी बाहेर येईल, आणि तेव्हा लोक तुला फसलेली म्हणतील आणि मुलींना खोटारड्या. तुझं तू बघशील. त्यांचं कोण बघणार?"

काकू भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पेशंटले ताप असला अन् चार्टवर नाई लिवला, तं ताप जाते काय वं?"

अश्विनीने चहा गाळला. मग ती अंगणात गेली आणि सरांना फोन लावला. शब्द ऐकू आले नाहीत. आत आली तेव्हा नाक लाल होतं, थंडीने किंवा कशाने. "म्हणाले, येतो आणि बघतो. फक्त एवढंच."

शनिवार

सर नागपूरहून आले. साठीच्या जवळचे, स्वेटर, मफलर, स्वतःचं पाणी, स्वतःचा डबा. अभ्यासिकेत आल्यावर त्यांनी भिंतीपासून छतापर्यंत सगळं पाहिलं आणि म्हणाले, "खेड्यात माणसं चांगलीच असतात अश्विनी. आकडे वाईट असतात."

मुली भिंतीशी उभ्या. त्यांना आता सगळं कळलं होतं. रोशनी आपल्याच बोटांकडे बघत होती. भरतीवाल्या मुलांनी पुस्तकं मिटली होती.

अश्विनीने काही झाकलं नाही. काय झालं, कसं कळलं, कोणतं प्रकरण बाद होतं, सगळं स्वतःच सांगितलं. मग म्हणाली, "एकच मागते सर. आज या दोघींना वेगवेगळं बसवून बघा. जे धडे रोशनीने सोनलच्या नावाने केले, त्यांतलेच प्रश्न. कागदावर."

"त्याने बाद झालेलं प्रकरण परत येणार नाही."

"नाही येणार. मला फक्त बघायचंय."

सरांनी प्रश्न काढले. सोनल अभ्यासिकेत, रोशनी बाहेर विहाराच्या ओट्यावर. पर्यवेक्षक मी. हे काम मला येतं. दोघींच्या मधोमध दारात खुर्ची टाकून बसले आणि कोणाला खोकूसुद्धा दिलं नाही. सोनलने एकदा वर पाहिलं आणि माझ्याकडे बघून जीभ बाहेर काढली, तेवढंच.

कागद आले. सर आणि अश्विनी शेजारी शेजारी ठेवून वाचू लागले, मी मागून. सोनलची बहुतेक उत्तरं बरोबर होती. स्वतः कधी न उघडलेल्या धड्यांची. सरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांना मी नक्कल करू दिली असंच वाटत असावं. मग एका प्रश्नाशी त्यांचं बोट थांबलं.

प्रश्न असा: एक फोटो वीस टक्क्यांनी मोठा केला. मग तोच वीस टक्क्यांनी लहान केला. पहिल्याएवढा होईल का? कारण लिहा.

दोघींनी लिहिलं होतं, होईल. चूक. आमच्या दहावीतली निम्मी मुलं हीच चूक करतात, मी वर्षानुवर्षं लाल शाईने ती गोल करत आले आहे. चुकीत नवीन काही नव्हतं. कारण मात्र नवीन होतं. रोशनीने लिहिलं होतं: केळझरच्या वीस पायऱ्या चढल्या अन् वीस उतरल्या तर माणूस जागेवरच येते. सोनलच्या कागदावर तेच. केळझरच्या पायऱ्या. खाली एक छोटा जिना काढलेला, वर गणपतीचा झेंडा.

सरांनी चष्मा काढला. "टॅबमध्ये पायऱ्या आहेत?"

"नाहीत सर," अश्विनी म्हणाली. "फोटोच आहे फक्त."

"मग टॅबने रोशनीला बरोबर कसं म्हटलं?"

रोशनी ओट्यावरून आत आली होती. हळूच म्हणाली, "दोन उत्तरं दाबली, चुकली. तिसरं दाबलं तं हिरवं झालं. काऊन झालं, थे नाई समजलं, पटलंबी नाई. मंग मी माह्या मनानं पायऱ्या लावल्या. सोनलले थेच सांगतलं."

"अन् मले पटलं!" सोनल म्हणाली.

सर हसले नाहीत, पण मफलर सैल केला. मी पुढे झाले. हे माझं शेत होतं. टॅब उघडायला लावला, सोनलचा फोटो घेतला, एकाच्या दोन प्रती केल्या. एक तशीच ठेवली. दुसरी रोशनीच्या हातून वीस टक्के मोठी केली, मग वीस टक्के लहान. दोन्ही शेजारी ठेवल्या. दुसरी सोनल कडेने थोडी आत गेली होती.

"अव माय," रोशनी म्हणाली, "बारीक झाली वं तू!"

"कापूस येचून येचून!"

खोलीभर हशा झाला, आणि त्या हशातच रोशनीचं डोकं चालू होतं ते मला दिसत होतं. ती म्हणाली, "मोठी झाल्यावरची वीस टक्के मोठीच असन ना. चढताना पायरी लहान, उतरताना मोठी." मी एवढ्या वर्षांत हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षी सांगेन, पायऱ्यांसकट.

सर अश्विनीकडे वळले. "तुमचं प्रकरण गेलं. त्यात बदल नाही." त्यांनी कागदांवर बोट ठेवलं. "पण टॅबमध्ये नसलेल्या पायऱ्या एकीच्या डोक्यातून दुसरीच्या डोक्यात गेल्या, चुकीसकट. टॅब हिरवा ठिपका देऊन मोकळा झाला. शिकवलं या रोशनीने. आपण ते मोजतच नव्हतो. पुन्हा मांडणी करावी लागेल. आणखी एक वर्ष तरी."

"आणि टॅब?"

"टॅब नसतील तर पाहणार काय तुम्ही?"

अश्विनीने मान हलवली. तिला हसावं की रडावं ते ठरवता येत नव्हतं. आणखी एक वर्ष म्हणजे काय, हे पीएच.डी. करणाऱ्यालाच कळतं. सर मुलींकडे वळले, आवाज पुन्हा कडक केला. "आणि तुम्ही. दुसरीच्या नावाने बसायचं असेल तर तसं सांगायचं. लपवायचं नाही."

सोनल म्हणाली, "आम्ही कुठं लपवलं, सर? कोणी इचारलंच नाई."

 बाहेरून वास येत होता. सोनलच्या आईने मागे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे लावले होते. कणकेचे गोळे, बाहेरून काळपट, आतून मऊ, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. सरांचा डबा उघडलाच नाही. त्यांना तिसरा रोडगा वाढताना सोनलची आई म्हणाली, "खा ना सर. मांगं नका राहू." अश्विनीनेही दोन खाल्ले. मग तिने आपली वही काढली आणि रोशनीशेजारी जमिनीवर बसून विचारू लागली, "सुरुवातीपासून सांग. कोणाची पात कोणी ओढली?"

इचलकरंजी

निघताना काकूंनी बॅगेला सुतळी बांधून दिली आणि आत तुरीच्या डाळीची पिशवी कोंबली. नको म्हणायला जागा ठेवली नाही.

आता अश्विनीच्या टॅबवर धडा उघडण्याआधी एक प्रश्न येतो: आज स्वतःसाठी की कोणासाठी? तिने त्याचा फोटो मला पाठवला. त्या गावाचा तक्ता आता हिरवा राहिलेला नाही. त्यात दुसरीसाठी बसल्याचे पिवळे चौकोन पुष्कळ आहेत, आणि ती म्हणते, हाच तक्ता खरा.

मी शाळेत पोचल्याच्या आठवड्यात कपाट उघडलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, फुटले तर जबाबदार कोण? मी म्हटलं, मी. प्रश्न संपला. आठवीच्या वर्गाला नाव आणि पासवर्ड वाटले, नियम सांगितले. दुसऱ्याच दिवशी मागच्या बाकावर एका टॅबवर नाव होतं समीरचं आणि पुढे बसली होती त्याच्या शेजारची करिष्मा.

सवयीने माझा हात टॅबकडे गेला. मग मी खाली वाकले.

"समीर कुठंय?"

"आईबरोबर दवाखान्यात गेलाय मॅडम. म्हणाला, माझं मागं राहील, तू कर."

"आणि त्याला कोण सांगणार?"

"मीच की," करिष्मा म्हणाली. "रिसेसमध्ये आला की."

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "आधी मला सांग बघू," मी म्हटलं. "त्याला काय सांगणार आहेस?"